पाच वॅटचा राखणदार

ताडोबाच्या सीमेवरील शेतांत रात्रीच्या जागलीला आता बिनतारी स्पीकर सोबत जाऊ लागला आहे. शहरातल्या दिवाणखान्यासाठी आखलेल्या या यंत्रावर शेतकरी पीक आणि जीव दोन्ही सोपवणार असेल, तर त्याच्या खोक्यावर काय छापले आहे यापेक्षा काय छापलेले नाही, हे तपासणे अगत्याचे आहे.

धान निसवू लागला, हरभऱ्याला घाटे धरू लागले की जंगलालगतच्या गावांत जागलीचे दिवस सुरू होतात. चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुक्याची एक बाजू ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला भिडलेली आहे. कोलारा, नवेगाव ही नावे पर्यटकाला सफारीची प्रवेशद्वारे म्हणून ठाऊक असतात. तेथील शेतकऱ्याला मात्र तीच सीमा रानडुकरे, रोही आणि चितळे शेतात उतरण्याची वाट म्हणून ठाऊक असते. आणि त्यांच्या मागावर येणाऱ्या वाघाचीही.

या जागलीची साधने पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. मचाण, शेकोटी, गोफण, पत्र्याचा डबा आणि माणसाची आरोळी. १९५४ मध्ये अमेरिकेत पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ विक्रीस आला आणि पुढील दोन-तीन दशकांत तो आपल्याकडील मचाणावरही चढला. गाणी ऐकता ऐकता रात्र सरे आणि माणसाचा आवाज शेतात आहे, एवढी वर्दी जनावरांना मिळे. आता ट्रान्झिस्टरची जागा हजार-दीड हजार रुपयांत मिळणाऱ्या बिनतारी स्पीकरने घेतली आहे. बाजाराच्या दिवशी किंवा चिमूरच्या घोडायात्रेत तो विकत घ्यावा, मेमरी कार्डावर कुत्र्यांचे भुंकणे, वाघाची डरकाळी किंवा माणसांच्या आरोळ्या भरून घ्याव्यात आणि बांधावरच्या खांबाला टांगून द्यावा, अशी ही व्यवस्था आहे.

वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. उलट शेताच्या कुंपणात चोरून थेट वीजप्रवाह सोडण्याच्या ज्या प्रकारांत वाघांचे आणि माणसांचेही बळी गेले आहेत, त्यांच्या तुलनेत आवाजाचे कुंपण कितीतरी निरुपद्रवी म्हणावे लागेल. प्रश्न निराळाच आहे. हा स्पीकर ज्या कामासाठी आखला गेला ते काम आणि आपण त्याला लावलेले काम यांत मोठे अंतर आहे. ते अंतर ज्याला ठाऊक नाही, तो शेतकरी स्पीकर वाजतो आहे म्हणून निर्धास्त झोपतो. खरा धोका त्या निर्धास्तपणात आहे.

आखणी कोणासाठी?

सुट्या बिनतारी स्पीकरची रचना उघडून पाहिली तर पाच-सहाच मुख्य भाग हाती लागतात. आवाज निर्माण करणारा कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू आणि त्यामागील चुंबक, त्याला शक्ती देणारा वर्धक, लिथियम-आयन बॅटरी, भ्रमणध्वनीशी दुवा जोडणारी ब्लूटूथ चिप आणि या सर्वांना कवेत घेणारी बंदिस्त पेटी. चुंबकीय क्षेत्रात वेटोळे हलवून शंकूतून आवाज काढण्याचे तंत्र १९२५ मध्ये राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी मांडले. शंभर वर्षांत साहित्य सुधारले, मूळ तत्त्व तेच राहिले.

या तत्त्वाची एक अडचणही कायम राहिली. खर्जातला आवाज निर्माण करायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते आणि त्यासाठी शंकू मोठा लागतो. तळहाताएवढ्या पेटीत तो बसणार कसा? यावर निघालेली तोड म्हणजे निष्क्रिय पडदा. बहुतेक दंडगोल स्पीकरांच्या दोन्ही टोकांना थरथरणारी चकती दिसते, ती हीच. तिला वीज मिळत नाही. आतल्या शंकूने दाबलेली हवा तिला हलवते आणि खर्जाला थोडा भरीवपणा येतो. शिवाय आतील चिप आवाजाच्या पातळीनुसार स्वर घडवत असते. आवाज लहान असताना खर्ज वाढवायचा आणि आवाज पूर्ण मोठा केला की शंकू फाटू नये म्हणून खर्ज कापायचा, हे काम ती गुपचूप करते. दिवाणखान्यात ही युक्ती कौतुकास्पद ठरते. शेतात तिचा अर्थ एवढाच, की आवाज सर्वांत मोठा असतो तेव्हाच त्यातील खर्ज सर्वांत कमी उरतो.

दुसरे वैशिष्ट्य चहूकडे सारखा आवाज पसरण्याचे. मेजाभोवती बसलेल्या मंडळींसाठी ते सोयीचे आहे. परंतु शेताच्या एका धुऱ्यावर उभ्या केलेल्या यंत्राने आवाज जंगलाच्या दिशेने फेकावा अशी अपेक्षा असते आणि येथे निम्मा आवाज उलट दिशेला वाया जातो. देवळाच्या शिखरावर किंवा प्रचाराच्या जीपवर दिसणारा जुना पत्र्याचा कर्णा या बाबतीत किती सरस होता, हे आकड्यांत सांगता येते. एक वॅट शक्ती दिली असता कर्णा एक मीटरवर शंभर डेसिबलहून अधिक आवाज देतो. लहान शंकूचा स्पीकर तेवढ्याच शक्तीत ८० ते ८५ डेसिबलवर थांबतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे दसपट अंतर. संगीतासाठी कर्णा कर्कश खरा. पण रानडुकराला सुरेलपणाशी काय कर्तव्य?

खोक्यावरचे आकडे

ग्राहक स्पीकर घेताना प्रथम वॅट पाहतो. हा आकडा विद्युतशक्तीचा आहे, आवाजाचा नव्हे. त्यातही सातत्याने देता येणारी शक्ती आणि क्षणभरासाठी गाठता येणारी कमाल शक्ती यांत गल्लत करून आकडा फुगवण्याची प्रथा जुनी आहे. टेपरेकॉर्डरच्या काळात ‘पीएमपीओ’ या अक्षरांपुढे हजारोंचे आकडे छापलेले अनेकांना आठवत असतील. शिवाय शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहा डेसिबलची वाढ, म्हणजे दसपट शक्ती लागते. पाच वॅटऐवजी दहा वॅटचा स्पीकर घेतला म्हणजे राखण दुप्पट झाली, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आता अंतराचा विचार करू. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने घटतो. एखादा लहान स्पीकर एक मीटरवर ८५ डेसिबल देत असेल, तर आठ मीटरवर ६७, सोळा मीटरवर ६१, बत्तीस मीटरवर ५५ आणि चौसष्ट मीटरवर ४९ डेसिबल उरतात. एक एकराचा चौरस तुकडा घेतला तर त्याची प्रत्येक बाजू सुमारे चौसष्ट मीटर भरते. म्हणजे मचाणाशेजारी कानठळ्या बसवणारा स्पीकर एका एकराच्या पलीकडल्या धुऱ्यावर घरातल्या संथ बोलण्याहूनही क्षीण होतो. मधे उभे पीक, ओली पाने, वाऱ्याची दिशा आणि पावसाळी रात्री चालणारी रातकिड्यांची किरकिर यांची वजाबाकी वेगळीच. पाच एकरांच्या शेतकऱ्याने एका स्पीकरवर भिस्त ठेवणे म्हणजे एका पणतीने अख्खे आवार उजळण्याची आशा करणे होय.

बॅटरीचा हिशेब याहून उद्‌बोधक आहे. खोक्यावर दोन हजार मिलीअँपिअर-तास असा आकडा असतो. त्याला लिथियम-आयन घटाच्या ३.७ व्होल्टने गुणले की ७.४ वॅट-तास एवढी ऊर्जा निघते. पाच वॅट सतत खर्च केले तर ती दीड तासात संपेल. मग ‘बारा तास चालतो’ हा दावा येतो कोठून? ७.४ ला बाराने भागले की उत्तर मिळते: सरासरी सहा दशांश वॅट एवढ्याच मंद आवाजात वाजवला, तर तो बारा तास टिकतो. त्या पातळीला आवाज नऊ डेसिबलने खाली आलेला असतो. बोलण्यात आणि संगीतात विराम असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वेळ काहीसा वाढतो. परंतु हिशेबाची दिशा बदलत नाही. रात्री दहाला पूर्ण आवाजात लावलेला लहान स्पीकर मध्यरात्रीच्या सुमारास मुका होतो आणि त्यानंतरची सारी रात्र शेत उघडे राहते.

यावर एक साधा उपाय आहे. आवाज अखंड न ठेवता मधूनमधून वाजवावा. दर पाच मिनिटांनी वीस सेकंद आवाज दिला, तर आठ तासांच्या रात्रीत तो एकूण बत्तीस मिनिटेच वाजतो आणि पूर्ण आवाजातही तीन वॅट-तासांच्या आत ऊर्जा पुरते. मधली अंतरे अनियमित ठेवली तर जनावरांना त्या आवाजाची सवयही लवकर जडत नाही. पण येथेच शहरी आखणीचा आणखी एक गुण आडवा येतो. बॅटरी वाचावी म्हणून बरेच स्पीकर काही मिनिटे शांतता राहिली की स्वतःहून बंद पडतात. घरी विसराळू मालकासाठी केलेली ही सोय शेतात राखणदाराला झोपवते. ही स्वयंबंदी टाळता येते का, हे खोक्यावर क्वचितच लिहिलेले असते.

‘आयपी-६७’सारखी अक्षरेही समजून घ्यायला हवीत. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी बिघडणार नाही. ‘आयपीएक्स-४’ याचा अर्थ पाण्याच्या शिंतोड्यांपुरतेच संरक्षण आणि धुळीची चाचणी नमूद नाही. धानाच्या बांधीतील पावसाळी रात्री आणि मळणीच्या वेळची धूळ या दोन्हींसाठी हा फरक निर्णायक आहे. चार्जिंगच्या छिद्रावरचे रबरी झाकण फाटले की मूळ मानांकनाला अर्थ उरत नाही, हेही लक्षात ठेवावे.

उष्णतेबद्दल तर खोके बहुधा मौनच पाळते. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावे उन्हाळ्यात देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार झळकतात. साधारण लिथियम-आयन घट ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत, असा दंडक आहे. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली किंवा सौरपट्टीजवळ उन्हात चार्जिंगला लावलेला स्पीकर ही मर्यादा सहज ओलांडतो. बॅटरी फुगणे, लवकर उतरणे या तक्रारींचे मूळ अनेकदा येथे असते.

जनावराचा कान

यंत्राची मर्यादा एवढ्यावर संपत नाही. आवाज पोहोचला तरी जनावर त्याचा काय अर्थ लावते, हा वेगळाच विषय आहे. वाघाच्या डरकाळीचा दरारा तिच्या खर्जात असतो. माणसाला धड ऐकू येत नाहीत अशा कंपनांपर्यंत ती उतरते. तळहाताएवढ्या शंकूतून हा भाग बाहेर पडतच नाही. उरतो तो वाघाच्या आवाजाचा वरचा, पातळ थर. ज्या जनावराने खरी डरकाळी जन्मभर ऐकली आहे ते या नकलेला किती काळ भीक घालणार? आवाजामागून काहीच घडत नाही, हे काही रात्रींत कळले की रानडुकरे स्पीकरच्या खांबाशेजारी निवांत चरू लागतात.

या बाबतीत दोन अभ्यास उल्लेखनीय आहेत. दक्षिण भारतात हत्तींना वाघाच्या आणि बिबट्याच्या गुरगुरण्याचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वाघाचा आवाज येताच हत्ती गुपचूप मागे फिरले, बिबट्याच्या आवाजावर मात्र चीत्कार करीत आधी शोध घेऊ लागले. दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर परिसरातील पाणवठ्यांवर झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंहाच्या आवाजापेक्षा माणसांच्या साध्या संभाषणाला तेथील प्राणी अधिक घाबरले. पळून जाण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. हे निष्कर्ष जसेच्या तसे चिमूरच्या शेतात लागू होतील असे नाही, कारण ते प्राणी रोज रात्री तोच आवाज ऐकत नव्हते. तरीही त्यातून एक दिशा मिळते. स्पीकरमध्ये भरायचेच असेल तर वाघाऐवजी माणसाचे बोलणे भरावे आणि तेही बदलत राहावे.

वाघाची डरकाळी न भरण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या सीमेवर खरा वाघही डरकाळी देतो. शेजारच्या शेतातील माणसाने ऐकलेली डरकाळी खरी की खांबावरची, हे त्याला अंधारात ओळखता आले पाहिजे. पाच शेतांत पाच खोटे वाघ गुरगुरू लागले तर सहाव्या, खऱ्या वाघाची वर्दी कोण मनावर घेणार? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना उगाच सांगत नाही.

गडचिरोलीच्या बाबतीत तर आणखी सावध राहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात उतरला आणि तेथील शेतकऱ्यापुढे सर्वस्वी नवे संकट उभे राहिले. बिथरलेल्या हत्तीवर घरगुती स्पीकरचा प्रयोग करणे म्हणजे प्राणाशी खेळ आहे. ते काम वन विभागाच्या प्रशिक्षित पथकाचेच आहे.

कान झाकणारा आवाज

शेतातल्या वापराला निदान काही आधार आहे. जंगलात स्पीकर सोबत नेण्याचा विचार मात्र पुन्हा तपासावा लागेल. उन्हाळ्यात तेंदूपाने आणि मोहफुले वेचण्यासाठी या दोन्ही जिल्ह्यांतील हजारो लोक जंगलात जातात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करणाऱ्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला आणि सारा जिल्हा हादरला. घोळक्याने जा, बोलत राहा, आवाज करीत राहा, हा सल्ला योग्यच आहे. त्याची जागा मोठ्याने वाजणाऱ्या गाण्याने घ्यावी का, हा खरा प्रश्न आहे.

जंगलात माणसाचा पहिला पहारेकरी त्याचा कान असतो. वानराचे खेकसणे, चितळाची शीळ, सांबराचा खणखणीत इशारा, एकाएकी थांबलेला पाखरांचा कलकलाट: वाघ दिसण्यापूर्वी तो असा ऐकू येतो. वाकून पाने तोडणाऱ्या बाईच्या कमरेला स्पीकर वाजत असेल, तर हे सारे इशारे त्याखाली बुडून जातात. आपण आहोत हे वाघाला कळते, पण वाघ आहे हे आपल्याला कळत नाही. माणसे आपसांत बोलतात तेव्हा मधे मधे थांबतात आणि त्या विरामात ऐकतात; यंत्र थांबत नाही आणि ऐकतही नाही. साधनाचा हा दोष कोणत्याही वॅटने भरून निघणारा नाही.

म्हणूनच या यंत्राचा उत्तम उपयोग जनावराला घाबरवण्यापेक्षा माणसाला सावध करण्यात आहे, असे आमचे मत आहे. ताडोबाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ या गावाच्या सीमेवर २०२३ मध्ये कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या आधारे आभासी भिंत उभी करण्यात आली. वाघाची चाहूल लागताच माणसाला वर्दी पोहोचवणे, हे तिचे सूत्र आहे. वर्दी भ्रमणध्वनीवर आली तर ज्याच्याकडे यंत्र आहे, चार्ज आहे आणि नेटवर्क आहे, त्यालाच ती मिळते. चौकातल्या कर्ण्यावर आली तर अख्ख्या गावाला मिळते. आवाज या माध्यमाची खरी ताकद ही आहे.

खंजिरी आणि ब्लूटूथ

चिमूरला हे कोणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी या गावाने ब्रिटिश सत्तेविरुद्ध जो उठाव केला, त्यामागील लोकजागृतीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांचा वाटा मोठा होता; त्याच वर्षी सरकारने महाराजांना अटक केली. खंजिरीही तळहातावर मावणारे, बिनतारी, कोठेही नेता येणारे वाद्य आहे. तिला बॅटरी लागत नाही. तिच्या झांजांचा आवाज वरच्या पट्टीतला असल्याने गर्दीतही वेगळा ऐकू येतो. लहान साधनाने मोठा समुदाय बांधता येतो, पण त्यासाठी ऐकणारे एकत्र बसलेले असावे लागतात, हा धडा त्यात आहे.

आजही गावोगावच्या सामुदायिक प्रार्थनेला आणि भजनाला हे सुटे स्पीकर वापरले जातात. येथे ब्लूटूथची एक मर्यादा जाणवते. बिनतारी दुव्यात आवाजाचे अंकांत रूपांतर, प्रक्षेपण आणि पुन्हा आवाजात रूपांतर होते; त्यात सेकंदाच्या एक दशांश ते दोन दशांश एवढा विलंब लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दोन दशांश सेकंदाचा विलंब म्हणजे गायक जणू ६८ मीटर दूर उभा आहे. ध्वनिमुद्रित गाणे ऐकताना हे कळत नाही; समोर गाणाऱ्याचा आवाज याच मार्गाने पाठवला तर टाळ पुढे आणि शब्द मागे, अशी फजिती होते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रंगणाऱ्या नाटकांच्या मंडळींना हे पक्के माहीत आहे. गायकाच्या माइकसाठी तार किंवा स्वतंत्र रेडिओ दुवाच हवा.

ब्लूटूथचा एक गुण मात्र या भागासाठी मोलाचा आहे. त्याला मनोरा लागत नाही, इंटरनेट लागत नाही. १९९४ च्या सुमारास स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत या तंत्राचे काम सुरू झाले, ते जवळच्या दोन यंत्रांमधील तार काढून टाकण्यासाठी. नेटवर्क नसलेल्या गावातही म्हणूनच ते चालते. याउलट बोलून आज्ञा घेणारे ‘स्मार्ट’ स्पीकर इंटरनेट तुटताच जवळजवळ निरुपयोगी होतात. महाग स्पीकरांतून मेमरी कार्डाची खाच आणि एफएम रेडिओ हळूहळू गायब होत आहेत. जुनाट म्हणून काढलेल्या याच दोन सोयी चिमूर, धानोरा, भामरागड येथे सर्वांत उपयोगाच्या आहेत. प्रगती आणि उपयुक्तता नेहमीच एका वाटेने जातात असे नाही.

कायदा आणि कर्तव्य

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियंत्रणासाठी केंद्राने २००० मध्ये केलेल्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त सभागृहांतील वापर किंवा सार्वजनिक आणीबाणी वगळता ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या शांततेच्या वेळेचा पुरस्कार केला. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. लग्नाच्या वरातीतील डीजेला आवर घालणारे हे नियम योग्यच आहेत. परंतु पीक राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी त्यांत वेगळी तरतूद नाही. ज्या रात्री त्याला आवाजाची गरज, त्याच रात्री तो नियमभंगाच्या उंबरठ्यावर उभा असतो. त्याच्यावर सहसा कारवाई होत नाही, हे समाधान पुरेसे नाही. शिवाय जंगलाच्या शांततेवर रात्री ज्यांचा हक्क आहे, त्या वन्यजीवांचाही विचार व्हायलाच हवा. आवाजाची पातळी, दिशा आणि कालावधी ठरवून देणारी मार्गदर्शक सूचना वन विभागाने काढली, तर दोन्ही बाजूंचा संभ्रम मिटेल.

गुणवत्तेच्या बाबतीत सरकारने एक पाऊल टाकले आहे. २०२० च्या अधिसूचनेने ब्लूटूथ स्पीकर भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत आले. मात्र ही नोंदणी सुरक्षिततेपुरती आहे. आवाज किती दूर जाईल, बॅटरी पूर्ण आवाजात किती वेळ टिकेल, हे ती सांगत नाही. आमच्या मते खोक्यावर तीन गोष्टी सक्तीने छापल्या जाव्यात: एक मीटरवरील आवाज डेसिबलमध्ये, बॅटरीची ऊर्जा वॅट-तासांत आणि पूर्ण आवाजात चालण्याचा वेळ. पंख्यावर आणि फ्रीजवर तारे छापता येतात, तर स्पीकरवर तीन आकडे छापणे अवघड नाही.

चौथी मागणी दुरुस्तीची. बहुतेक लहान स्पीकर चिकटवून बंद केलेले असतात. आतली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली की सुस्थितीतील चुंबक, शंकू आणि चिप यांच्यासह सारे यंत्र भंगारात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली खरी, पण चिमूर तालुक्यातील खेड्यातून एक फुगलेली बॅटरी उत्पादकापर्यंत जाणार कशी, याचे उत्तर कागदावरच आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता येणे आवश्यक ठरवले आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. त्यापुढे जाऊन चार स्क्रूंनी उघडणारी पेटी आणि बाजारात सहज मिळणारा घट एवढी अट घातली, तरी तालुक्याच्या ठिकाणच्या रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्याच्या हाताला काम मिळेल आणि शेतकऱ्याचा पैसा वाचेल.

शेवटची गोष्ट स्पीकरच्या पलीकडची आहे. सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि वन विभागाने मिळून या भागातील शेतांवर एक हंगाम पद्धतशीर चाचणी घेतली, तर कोणता आवाज, किती अंतराने आणि किती रात्री उपयोगी पडतो याचे आपल्या मातीतले उत्तर मिळेल. जन-वन विकास योजनेतून सौरकुंपणाला मदत मिळते, तिची व्याप्ती वाढायला हवी. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांचा त्यात अग्रक्रम असावा. ओलितासाठी रात्री शेतात जावेच लागले नाही, तर वाचणारे जीव कोणत्याही स्पीकरने वाचवलेल्या जिवांपेक्षा अधिक असतील.

तोवर हा पाच वॅटचा राखणदार बांधावर लटकत राहणार. त्याला हाकलून देण्याचे कारण नाही; त्याची कुवत ओळखून कामाला लावले पाहिजे, इतकेच. तो ओरडू शकतो, पाहू शकत नाही. बोलू शकतो, ऐकू शकत नाही. जागल म्हणजे जागे राहणे. ते काम आजही मचाणावरच्या माणसालाच करावे लागते आणि त्या माणसाला निदान रात्रीची झोप सुखाने मिळावी, ही व्यवस्था करणे हे शासनाचे काम आहे.